आमच्या पाळीला कोणी आले नाही

आठ वर्षांची मुलगी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत तुमच्या रानात शाळू उपटत असेल, तर तिला तुम्ही किती माणूस धराल?

तिला शाळेत धाडा, असे म्हणून सुटू नका. शाळेत धाडायला हवे हे मलाही कळते. पण आमच्या गावात हा प्रश्न दर हिवाळ्यात खरोखर विचारला जाई, आणि त्याचे उत्तर ठरलेले होते. अर्धे.

शाळू म्हणजे हिवाळी ज्वारी. ती आम्ही विळ्याने कापत नाही, मुळासकट उपटतो. काळ्या रानात ताटाची मुळे घट्ट बसलेली असतात. दोन्ही हातांनी धरायचे, कंबरेतून ओढायचे, पायावर आपटून माती झाडायची आणि मागे टाकायचे. पुन्हा पुढचे. एकट्या घराला हे उरकत नाही, आणि पिकलेला शाळू कोणासाठी थांबत नाही, दाणे गळायला लागतात. म्हणून सारे गाव मिळून आज एकाचे रान काढी, उद्या दुसऱ्याचे. याला आम्ही सावड म्हणत असू. तुम्ही माझ्या रानात जेवढी माणसे आणाल, तेवढी मी तुमच्या रानात आणायची. मजुरी नाही. ज्याचे रान, त्याने दुपारचे जेवण घालायचे. या सगळ्यात पोर अर्धे. जे पोर कोणाचा हात न लावता पेंढी स्वतःच्या डोक्यावर चढवील, ते त्या दिवसापासून पूर्ण माणूस.

ज्या हिवाळ्याची ही गोष्ट, त्याच्या आदल्या साली मी पूर्ण झाले होते. तेव्हा मला तेरावे लागले होते. माझा भाऊ अर्धा, आठ वर्षांची धाकटी बहीण अर्धी. दादा आणि आई धरून आमचे घर चार माणसांचे. वडिलांना आम्ही दादा म्हणतो.

ही पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे गाव चिंचवड आणि देहूरोडच्या मध्ये, आणि आमचे रान अगदी रेल्वेच्या रुळाला लागून. त्या हिवाळ्यात आमच्या घरात एकच गोष्ट महत्त्वाची होती. त्या रानातला शाळू घरी येतो की नाही.

दिवाळीच्या आधी मोजणीची माणसे साखळी घेऊन आली. त्यांनी रुळाच्या बाजूने दगड रोवले आणि त्यांना चुना फासला. इथे कारखाना होणार, एवढे सगळ्यांना कळले. कसला, ते कोणी सांगितले नाही. आमचे रान दगडांच्या आत होते. वरच्या अंगाची, म्हणजे टेकाडाकडची राने बाहेर होती. मोजणीबरोबर एक साहेब आले होते. दादांनी त्यांना विचारले, पेरलंय त्याचं काय? साहेब म्हणाले, पीक काढून घ्या, मग ताबा घेऊ. बोलायला माणूस चांगला होता. आमच्या बांधावर बसून त्यांनी पाणी मागून घेतले, धाकटीला तिचे नाव विचारले. दादांनी त्यांच्या शब्दावर सगळा हिवाळा काढला.

आम्ही तिघे भावंडे पहाटे राखणीला जात असू. रानाच्या मधोमध चार लाकडांवर माळा बांधलेला होता. त्यावर बसून गोफण फिरवायची, डबा वाजवायचा, ओरडायचे. भोरड्यांचा थवा एकदा उतरला की कणसे रिकामी होतात. नदीवरून धुके येई आणि आपल्याच रानाचा दुसरा बांध दिसत नसे. पाखरे नुसती ऐकू येत. पाय थंडीने फुटलेले, त्यांत दव शिरले की चरचर होई. धाकटीच्या अंगात भावाचा जुना सदरा, त्याच्या आत आई छापील कागद घडी करून खुपसायची. कागदाने ऊब राहते.

ते कागद मामा आणायचा. मामा देहूरोडला लष्कराच्या डेपोत हमाल होता आणि तिथल्या कामगारांच्या संघटनेत होता. दर रविवारी तो पत्रकांचा गठ्ठा घेऊन यायचा. आमच्या घरात पुस्तक नव्हते. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. हिवाळ्यात शाळेतली निम्मी पोरे रानात असत, गुरुजींचेही रान होते, तेही काही बोलत नसत. माळ्यावर बसून मी भावंडांना पत्रके वाचून दाखवी. मालक कोण, कामगार कोण, नफा कोठे जातो. धाकटी मध्येच विचारी, "आपून कोण गं?"

मी पत्रक उलटेसुलटे करून पाहत असे. आमच्याबद्दल त्यात काही नव्हते.

"आपून राखणदार," भाऊ म्हणे आणि दगड सोडी.

न्याहारीला रात्रीची भाकरी आणि तिखट. ऊन वर आले की शेकोटीत चार कणसे भाजून हुरडा खायचा. पण तो चोरून. आई म्हणायची, पाखरांनी खाल्लं तर पाप पाखरांना, तुमी खाल्लं तर वर्साचं दाणं कमी. तिला हसवायला भाऊ एकदा म्हणाला, "आमी पाखरंच हाय समज." तिने त्याला हुरडा दिला नाही, पण राग धरला नाही.

पौष संपता संपता सावड बसली. सावड बसली म्हणजे देवळाच्या पारावर घरोघरचे पुरुष जमून कोणाचे रान कधी काढायचे, ते ठरवीत. नेम असा की टेकाडाकडून सुरुवात करायची आणि नदीकडे, रुळाकडे उतरत यायचे. वरची जमीन हलकी, तिथले पीक आधी वाळते. खालची जमीन ओल धरते, तिथले मागून. आमचे रान दरवर्षी शेवटी असे. पाळी मोडून आधी मागण्याचा हक्क फक्त एका घराला होता. ज्या घरात माणूस गेले असेल, त्याला. दुखवट्याच्या घरचे पीक गाव आधी काढी.

मामा आदल्या रविवारी येऊन सांगून गेला होता. "दाजी, औंदा पहिली पाळी मागा. त्या सायबाच्या बोलन्यावर जाऊ नका."

"शाळू अजून हिरवा हाय," दादा म्हणाले.

"हिरवा तर हिरवा. निदान वैरण तरी घरात यील."

 मामा गेल्यावर आईने पुन्हा विषय काढला. ती चुलीपुढे बसली होती आणि भाकरी थापता थापता बोलत होती, दादांकडे न पाहता.

"मागितलं तर काय कोन न्हाई म्हनतंय?"

"न्हाई कुनी म्हननार न्हाई. म्हनून तर मागायचं न्हाई."

"रान जातंय की आपलं."

"जातंय, पर आपल्या घरात कोन मेलंय का? मेल्यालं मानूस दावल्याबिगर पाळी मोडत न्हाईत. उद्या ज्याच्या घरी खरंच कोन गेलं, त्यानं काय म्हनायचं मला?"

आईने भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "बरं."

या एका शब्दावर मी पुष्कळ वर्षे चिडत आले आहे. दादांवरही. पण आज मला दिसते की ते चुकले ते लबाडी न केल्यामुळे. गावाचा नेम आणि साहेबाचा शब्द एकाच तोलाचे आहेत, असे ते धरून चालले. गावाचा नेम पाळणारी माणसे रोज समोर दिसत होती. साहेबाचा शब्द पाळणारा कोण होता? साहेब स्वतःसुद्धा नव्हते. त्यांची बदली मोजणीनंतर लगेच झाली होती, आणि आम्हाला ते माहीत नव्हते.

पारावर पाळ्या ठरल्या. आमची शेवटची.

मग आम्ही गावाचे शाळू उपटायला लागलो. पाचही जण, रोज. थंडीत ताटे बर्फासारखी लागत. पानांच्या कडा हाताला कापत. दव असते तोवर दाणे गळत नाहीत, म्हणून तांबडे फुटायच्या आत पातीला उभे राहायचे. पात म्हणजे एकेकाने धरलेली ओळ. आमची दोन अर्धी मिळून एक पात धरत. भाऊ ओढी, धाकटी माती झाडी. तिच्या तळव्यांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. आई रात्री त्यांवर तेल आणि हळद लावी. ती रडत नसे. तिला पूर्ण माणूस व्हायचे होते.

वरच्या मळ्यातले तात्या तिची फार मस्करी करीत. ते गावातले सगळ्यांत उंच माणूस, आणि सावडीत त्यांची पात नेहमी सगळ्यांच्या पुढे.

"ही अर्धी हाय का पाव?" ते दादांना विचारत.

"अर्धी," धाकटी स्वतःच सांगे.

"मला तर पावच दिसती. जेवताना मातर पुरी."

बायका हसत. धाकटी पेंढीजवळ जाऊन ती उचलू पाही. पेंढी गुडघ्यापर्यंत येई आणि तिला घेऊन खाली बसे. मग तात्याच येऊन पेंढी तिच्या डोक्यावर ठेवीत, हाताने तोलून धरीत चार पावले चालत आणि म्हणत, "झाली बरं का पुरी. पर कुनाला सांगू नगं." ती दिवसभर खूश असे. तात्यांच्या रानात आम्ही पाचही जण दोन दिवस राबलो. त्यांनी जेवणात गुळाची लापशी केली होती.

हे मी का सांगते आहे? कारण पुढे जे झाले ते वाईट माणसांनी केले, असे वाचकाला वाटू नये. वाईट माणसे असती तर माझे काम सोपे झाले असते. पत्रकात वाईट माणसांसाठी शब्द आहेत.

माघात आमची पाळी आली. आदल्या दिवशी आम्ही खळे केले होते. जमीन चोपून, शेणाने सारवून, मधे मळणीचा खांब रोवून. आई पहाटेच्याही आधी उठली. सगळ्या गावाचे जेवण करायचे होते. मोठ्या पातेल्यात मटकीची आमटी, आणि भाकऱ्यांची चळत करून टोपलीत. आम्ही अंधारात रानात जाऊन उभे राहिलो. धुके होते. दादांनी पातीच्या तोंडाशी नारळ फोडला आणि आम्ही वाट पाहू लागलो.

धुक्यातून आवाज आले. माणसे बोलत होती, लोखंड वाजत होते. धाकटी म्हणाली, "आली." पण आवाज गावाकडून येत नव्हते, रुळाकडून येत होते.

दादा पुढे गेले, मी मागे गेले. आमच्या बांधापाशी चुन्याच्या दगडांच्या ओळीने गावातली माणसे खड्डे खणत होती. पहारी, घमेली. एक मुकादम बाहेरगावचा, तोंडाला मफलर बांधलेला, हजेरी घेत होता. कुंपणाचे खांब बसवायचे होते. आदल्या संध्याकाळी तो गावात सांगून गेला होता की उद्या पहिल्या दिवशी जे येतील, त्यांना पुढे कारखान्यात कायम घेणार. आम्ही त्या वेळी खळे सारवत होतो. आमच्याकडे तो आला नाही. आमच्याकडे कोणीच आले नाही.

तात्या दोन्ही हातांनी पहार धरून उभे होते. त्यांनी दादांना पाहिले आणि पहार खाली ठेवली नाही.

"उद्या येतो," ते म्हणाले. "आज हजेरी लागती."

"तात्या, आज पाळी हाय आमची," मी म्हणाले.

"व्हय पोरी. ठाऊक हाय."

"मग?"

"थोरल्या पोराला चिकटवायचंय. आज न्हाई लागलं तर पुन्हा कोन घेनार न्हाई, आसं म्हनतोय त्यो." त्यांनी मुकादमाकडे मान केली. "तुझ्या बापालाबी म्हन, यी. तुमाला तर आधी घ्याया पायजे, रान तुमचंच हाय."

त्यांना हे टोचून बोलायचे नव्हते. त्यांना खरेच वाटत होते की ते भले सांगत आहेत.

दादा परत फिरले. रानात आले, पहिली पात धरली आणि उपटायला लागले. आम्हीही लागलो. आई घरी रांधत होती, एवढ्या मोठ्या रानात आम्ही चार जण. त्यातले एक माणूस दोन पोरांचे. दुपारपर्यंत आम्ही मागे वळून पाहिले तेव्हा मोकळी झालेली जमीन एखाद्या अंगणाएवढी दिसत होती. गावातल्या तीन म्हाताऱ्या मात्र आल्या होत्या. त्यांना मुकादमाने घेतले नव्हते.

दुपारी आई टोपली घेऊन आली. तिने खड्ड्यांची ओळ पाहिली, आम्हाला पाहिले.  मग म्हणाली, "रांधलंय ते टाकायचं न्हाई." आणि टोपली घेऊन रुळाकडे गेली. मी तिला अडवले. माझ्या तोंडून फार वाईट शब्द गेले, तिच्याबद्दल नाही, त्यांच्याबद्दल. ती म्हणाली, "त्यांच्या नावानं केलंय. मी दुसऱ्या कुनाला घालू?"

गावाने आमच्या सावडीचे जेवण आपापल्या खड्ड्याच्या काठावर बसून खाल्ले. कोणी वर पाहिले नाही. तात्यांनी जेवण झाल्यावर हात धुतले, बांध ओलांडला आणि आमच्या रानात आले. त्यांनी एक पात धरली आणि त्यांच्या नेहमीच्या वेगाने उपटू लागले. मुकादमाने शिट्टी मारली. त्यांनी आणखी थोडी उपटली. दुसरी शिट्टी झाली तेव्हा ते ताठ झाले, हाताची माती झटकली आणि गेले. त्यांची अर्धी पात दुसऱ्या दिवशी दादांनी पुरी केली.

पुढचे थोडक्यात सांगते. कुंपणाची तार आम्ही धरलेल्या अंदाजाच्या फार आधी आली. रानाचा जो तुकडा आम्ही उपटला होता, तेवढ्या पेंढ्या बाहेर आल्या. उरलेला शाळू आत राहिला, उभा, कणसांनी वाकलेला. दादा चिंचवडच्या कचेरीत गेले. नव्या साहेबांनी विचारले, पीक काढून घ्या असे कोण म्हणाले? दादांना जुन्या साहेबांचे नावही माहीत नव्हते. दादा परत येईपर्यंत ट्रकातून खडी आली आणि ती उभ्या पिकावर ओतली गेली. सारवलेले खळे खडीखाली गेले. भाऊ तारेपाशी उभा राहून गोफणीने भोरड्या हाकलत राहिला. त्याला कोणी सांगितले नाही की आता उपयोग नाही. मीही सांगितले नाही.

वैरण नव्हती म्हणून बैल आत्याच्या गावी, चाकणकडे, नेऊन ठेवावे लागले आणि तिकडून परत आले नाहीत. खांब पुरून झाल्यावर मुकादमाने गावातल्या सगळ्यांना घरी पाठवले. तात्यांच्या थोरल्यालाही. कायम कोणाला घेतले नाही. फाल्गुनात दादा दुसऱ्या एका मुकादमाच्या हाताखाली त्याच जागेत पाया खणायला गेले. त्यांची पहार कशी चालते ते मी पाहिलेले नाही. जेवण घेऊन आई जात असे.

पुढच्या हिवाळ्यात पारावर सावड बसली नाही. टेकाडाकडची राने होती, पण पाळ्या लावायला कोणी पुढे आले नाही. ज्याने त्याने आपला शाळू आपण काढला, निम्मा गळून गेला. धाकटी पूर्ण माणूस झाली की नाही हे ठरवायला गावात काही उरलेच नाही. ती आता चौदा वर्षांची आहे, चिंचवडला एका बाईंकडे भांडी घासते.

तात्या भेटतात. हसतात. एकदा वाटेत मला म्हणाले, "तुमची सावड राहिली माझ्याकडं." मी म्हणाले, आता रान कुठे आहे तात्या, फेडायला? ते म्हणाले, "तेच की."

मामा मला अजून पत्रके आणून देतो. आता त्यांतली काही मीच लिहिते. मी त्यांत मालकाबद्दल लिहिते, सरकारबद्दल लिहिते, आणि ते सगळे खरे आहे. पण शेजाऱ्याच्या बांधावर खड्डा खणणाऱ्या भल्या माणसाला काय म्हणायचे, हे मला अजून लिहिता आलेले नाही. लिहून कारखाना हटणार नाही, तेही मला माहीत आहे. तार गेली नाही. आमच्या रानावर आता कारखान्याची चिमणी उभी आहे आणि गावातल्या कोणाचेही पोर तिथे कायम नाही.

या हिवाळ्यात नदीपलीकडच्या एका गावात चुन्याचे दगड रोवले आहेत. तिथे एका विधवा बाईचे रान दगडांच्या आत आहे. घरात ती आणि दोन पोरे. शाळू पिकला आहे. तिलाही एक चांगले बोलणारे साहेब भेटून गेले आहेत. मी तिला सांगितले, वाट पाहू नका. ती म्हणाली, गाव येईल. मी गावात फिरले. मुकादम तिथेही येऊन गेला आहे.

तिचे रान वाचेल असे मी तुम्हाला सांगणार नाही. ते जाणार. दाणे मात्र घरी येऊ शकतात. हे वाचणाऱ्यांनो, येत्या रविवारी या. पुण्याकडून येणाऱ्यांनी चिंचवडला उतरावे, मी स्टेशनाबाहेर उभी असेन. विळा लागत नाही. भाकरी आपापली बांधून आणा. आणि पहिल्या गाडीने या, कारण ऊन चढले की दाणे गळतात.